पाईलवरचा भराव आणि मातीची कमान: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मातीची कमान म्हणजे नक्की काय? माती कुठे कमान करते का?

करते, पण दिसत नाही. दगडी कमान आपण डोळ्यांनी बघतो, इथे मात्र सगळीकडे तीच माती किंवा खडी भरलेली असते आणि कमान फक्त दाबाची असते, म्हणजे वरचं वजन सरळ खाली न जाता कडेकडेने वळून जवळच्या टणक आधारावर जाऊन बसतं. पाईलवरचा भराव म्हणजे मऊ जमिनीत खांबासारखे पाईल मारून त्यांच्यावर रस्त्यासाठी किंवा रेल्वेसाठी टाकलेली उंच माती; त्यात टणक आधार म्हणजे पाईलच्या डोक्यावरची काँक्रीटची रुंद टोपी, म्हणजे कॅप, आणि मऊ भाग म्हणजे दोन कॅपच्या मधली चिखलमाती. चार कॅपच्या मधल्या जागेवर घुमटासारखी आणि दोन कॅपच्या मध्ये साध्या कमानीसारखी अशी ही दाबाची वाट तयार होते. भराव कापून आत बघितला तर तुम्हाला कसलीही रेघ दिसणार नाही, त्यामुळे बऱ्याच जणांना ही सगळी गणितातली गोष्ट वाटते, पण कॅपवर आणि मधल्या मातीवर प्रेशर सेल (दाब मोजायचं उपकरण) ठेवून मोजलं की फरक लगेच कळतो, कॅपवर दाब कितीतरी पट जास्त येतो आणि मध्ये कमी.

मुळात पाईल कशाला? भराव सरळ जमिनीवर टाकला तर काय बिघडतं?

मऊ क्ले (चिकणमाती) किंवा पीट (कुजलेल्या झाडपाल्याची माती) असेल तर दोन गोष्टी होतात. एक म्हणजे भराव लवकर चढवला तर खालची माती सहन करत नाही आणि अख्खा भराव बाजूला घसरतो. दुसरं म्हणजे घसरला नाही तरी खचत राहतो, कारण मातीतलं पाणी बाहेर पडायला महिने, वर्षं लागतात आणि पाणी निघेल तसतशी माती दबत जाते. यावर इतरही उपाय आहेत, पाणी निघायला उभे ड्रेन घालून वर जास्तीचा भराव ठेवून वाट बघणं (प्रीलोडिंग), स्टोन कॉलम (मातीत खडीचे खांब), हलका थर्माकोलसारखा भराव वगैरे, आणि वेळ हातात असेल तर ड्रेन आणि प्रीलोडिंगच बहुतेक वेळा स्वस्त पडतं असं माझं मत आहे. पण वेळ नसेल, शेजारी आधीच चालू रेल्वे लाइन किंवा इमारत असेल जिला धक्का लागता कामा नये, किंवा पुलाला लागून रस्ता येत असेल, तर पाईलवरचा भराव हा खरंच चांगला पर्याय आहे. पाईल ठोकले, कॅप बसवल्या, जिओग्रिड (प्लास्टिकची मजबूत जाळी) अंथरला की भराव जवळजवळ पाहिजे त्या वेगाने चढवता येतो.

मग पाईलवर सरळ काँक्रीटचा स्लॅबच का नाही टाकत?

टाकतात की, काही ठिकाणी टाकतात पण. पण मैलोन्‌मैल स्लॅब म्हणजे खूप काँक्रीट आणि खूप स्टील. कमानीचा फायदा हा आहे की कॅपनी एकूण जागेचा अगदी छोटा भाग झाकला, समजा १० ते २० टक्के, तरी वजनाचा मोठा हिस्सा त्यांच्यावर येतो. म्हणजे मधला स्लॅब मातीच बनते. यात फक्त एक अट आहे आणि ती पुढच्या उत्तरात आहे, ती नीट वाचा कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे.

कमान तयार कशी होते?

खचल्यामुळे. हे ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे. भराव टाकला त्या क्षणी कॅपवर आणि मधल्या मातीवर साधारण सारखाच दाब असतो. मग मधली मऊ माती दबायला लागते, कॅप मात्र जागची हलत नाही, त्यामुळे मधल्या भागावरचा भराव खाली सरकायला बघतो आणि कॅपवरचा भराव त्याला घर्षणाने धरून ठेवतो. या धरून ठेवण्यातच वजन मधून कॅपकडे जातं. सरकणंच झालं नाही तर घर्षण जागं होत नाही, आणि घर्षण जागं झालं नाही तर कमान नाही. म्हणून "आपल्या भरावात काहीच खचायला नको आणि कमान पण पाहिजे" असं कोणी म्हणत असेल तर त्यांना शांतपणे समजावून सांगा की दोन्ही एकत्र मिळत नाही, आपण फक्त ते खचणं भरावाच्या तळाशी अडवून ठेवतो म्हणजे वर रस्त्यापर्यंत पोचत नाही.

माती-इंजिनिअरिंगचा जनक मानल्या जाणाऱ्या कार्ल टेर्झागीने १९३६ साली एक साधा प्रयोग छापला होता, वाळूने भरलेल्या पेटीच्या तळाला एक झडप आणि ती हळूहळू खाली सरकवायची. झडप तिच्या रुंदीच्या साधारण १ टक्का खाली जाईपर्यंतच तिच्यावरचं वजन एकदम कमी होतं, अगदी थोडं उरतं. पण झडप आणखी खाली नेत राहिलं तर वजन पुन्हा थोडं वाढतं, कारण वाळू सैल होते आणि कमानीची ताकद उतरते. आणि झडपेच्या रुंदीच्या अडीच पटीपेक्षा वरच्या वाळूला खाली काय चाललंय याचा पत्ताच नसतो. पाईलवरच्या भरावातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट या एका पेटीत आहे: थोडं खचणं लागतं, फार खचणं वाईट, आणि पुरेशी उंची लागते.

ही कल्पना रस्त्यांसाठीच निघाली का?

नाही, धान्याच्या कोठारातून आली म्हटलं तरी चालेल. उंच कोठारात धान्य भरत गेलं तरी तळावरचा दाब एका मर्यादेनंतर वाढत नाही, कारण धान्य भिंतींना घासून त्यांच्यावर वजन टाकतं, आणि जर्मन इंजिनिअर यान्सेनने १८९५ मध्ये याचं गणित मांडलं. पुढे अमेरिकेत आयोवामध्ये मार्स्टनने १९१३ च्या सुमारास जमिनीत पुरलेल्या पाइपांवर किती वजन येतं ते काढलं, त्याच्या पुढच्या कामात पाइप शेजारच्या मातीपेक्षा कडक असेल तर त्याच्यावर उलट जास्त वजन येतं हे स्पष्ट झालं. पाईल कॅप म्हणजे तसाच कडक पाइप समजा. ब्रिटिश स्टँडर्ड बीएस ८००६ मध्ये कॅपवरचा दाब काढायचं जे सूत्र आहे ते मार्स्टनच्याच कामावरून घेतलंय.

कमान आहे तर मग जिओग्रिड कशासाठी?

कमान सगळं वजन उचलत नाही म्हणून. घुमटाच्या खाली जी माती उरते तिचं वजन आणि कमानीतून निसटलेला दाब खाली येतोच, तो घेण्यासाठी कॅपच्या वर जिओग्रिड किंवा मजबूत विणलेलं जिओटेक्स्टाईल (कृत्रिम धाग्याचं कापड) ताणून अंथरतात. ते झोळीसारखं काम करतं, मधला भाग थोडा खाली झोळतो, ताण येतो आणि तो ताण वजन कॅपवर पोचवतो. पूर्वी जिओग्रिडशिवाय काम करायचे तेव्हा कॅप खूप मोठ्या आणि जवळजवळ ठेवायला लागायच्या आणि कडेला तिरके पाईल मारावे लागायचे. जिओग्रिड आल्यावर कॅप लहान झाल्या, अंतर वाढलं.

पण एक गैरसमज खूप दिसतो, तो म्हणजे "जिओग्रिडच भराव उचलतो". नाही. डिझाइन बरोबर असेल तर सर्वात जास्त वजन कमानच उचलते आणि जिओग्रिड उरलेलं घेतो, म्हणूनच जिओग्रिडच्या वरच्या मटेरिअलकडे दुर्लक्ष करून फक्त ग्रिडची ताकद वाढवत बसणं मला चुकीचं वाटतं.

वजन नक्की किती ठिकाणी वाटलं जातं?

तीन. पहिला हिस्सा कमानीतून सरळ कॅपवर, दुसरा हिस्सा जिओग्रिडवर येऊन त्याच्या ताणातून कॅपवर, आणि तिसरा हिस्सा मधल्या मऊ मातीवर. कुठल्याही डिझाइनचा रिपोर्ट हातात आला की पहिले हे तीन आकडे शोधा, त्यांची बेरीज एकूण वजनाइतकी होते का बघा. ही सवय लागली की निम्मे घोळ तिथेच पकडले जातात.

भराव किती उंच पाहिजे?

यासाठी महत्त्वाचं माप म्हणजे दोन कॅपमधलं मोकळं अंतर, म्हणजे पाईलच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर वजा कॅपची रुंदी. बीएस ८००६ सांगतं की भरावाची उंची या मोकळ्या अंतराच्या किमान ०.७ पट तरी पाहिजे, नाहीतर रस्त्यावर खड्डे-उंचवटे उमटायची भीती असते, आणि १.४ पटीच्या वर गेलं की पूर्ण कमान धरायची. मधल्या पट्ट्यात अर्धवट कमान.

समजा पाईल २.५ मीटरवर, कॅप १ मीटर चौरस, म्हणजे मोकळं अंतर १.५ मीटर. तर किमान उंची १.०५ मीटर आणि पूर्ण कमानीसाठी २.१ मीटर. माझं प्रामाणिक मत असं की किमान आकड्याच्या अगदी काठावर डिझाइन करू नका, विशेषतः वर गाड्या चालणार असतील तर. उंची कमी असेल आणि वाढवता येत नसेल तर पाईल जवळ आणा किंवा कॅप मोठी करा, दोन्हीने मोकळं अंतर कमी होतं आणि तेच खरं औषध आहे.

उंची कमी पडली तर नेमकं काय होतं?

रस्त्यावर अंड्याच्या ट्रेसारखा आकार येतो, कॅपवर उंचवटा आणि मध्ये खोलगट. रात्री हेडलाइटच्या तिरक्या उजेडात किंवा पावसानंतर साचलेल्या पाण्यात हा नक्षीकाम अगदी नीट दिसतो. वर डांबराचा थर टाकून सपाट केलं तरी काही दिवसांनी परत उमटतो, कारण दोष खाली आहे.

एखादं उदाहरण आकड्यात करून दाखवाल का?

वरचंच घेऊ, पाईल २.५ मीटर अंतरावर चौकोनी मांडणीत, कॅप १ मीटर चौरस, भराव ३.५ मीटर, भरावाचं वजन २० किलोन्यूटन प्रति घनमीटर, वरचा ट्रॅफिकचा भार बाजूला ठेवू आणि सेफ्टी फॅक्टर (सुरक्षेसाठीचा जास्तीचा गुणक) पण लावत नाही म्हणजे डोक्यात बसेल.

भरावाच्या तळाशी दाब ७० किलोपास्कल. एका पाईलच्या वाट्याला ६.२५ चौरस मीटर जागा, म्हणजे ४३७.५ किलोन्यूटन वजन. कॅपचं क्षेत्र १ चौरस मीटर, म्हणजे १६ टक्के. कमान नसती तर कॅपवर फक्त ७० किलोन्यूटन आलं असतं.

आता बीएस ८००६ चं सूत्र, टोकाने टणक थरावर टेकलेले पाईल धरून: आधी उंची भागिले कॅपची रुंदी, त्याला १.९५ ने गुणा आणि त्यातून ०.१८ वजा करा, हे येतं ६.६४५. याला कॅपच्या रुंदीने गुणून उंचीने भागा, १.९ च्या आसपास, त्याचा वर्ग केला की ३.६. म्हणजे कॅपवरचा दाब सरासरीच्या ३.६ पट, सुमारे २५२ किलोपास्कल. १६ टक्के जागेवर साधारण ५८ टक्के वजन. ही मातीच्या कमानीची कमाई.

जिओग्रिडवर दोन कॅपच्या मधल्या पट्टीत या पद्धतीने सुमारे ५३ किलोन्यूटन प्रति मीटर वजन येतं. ग्रिड लांबीत ६ टक्के ताणला जाईल असं धरलं तर त्यातला ताण साधारण ७७ किलोन्यूटन प्रति मीटर, ३ टक्केच ताणू द्यायचा असेल तर १०२ च्या आसपास. म्हणजे ग्रिडला कमी झोळू दिलं की ताण वाढतो, कपडे वाळत घालायची दोरी जितकी घट्ट ताणाल तितकी ती ओढली जाते ना, तेच.

आणि इथेच एक गंमतीची नाही, गंभीर गोष्ट बघा. एका पाईलमागे अशा दोन पट्ट्या, प्रत्येकी १.५ मीटर, म्हणजे ग्रिडवर साधारण १५९ किलोन्यूटन. कॅपचे २५२ आणि हे १५९ मिळून ४११. एकूण होतं ४३७.५. उरलेले २६ कुठे गेले? कुठेच नाही, या पद्धतीत उभ्या वजनाची बेरीजच जुळत नाही, आणि हे संशोधकांनी दाखवूनही दिलंय. म्हणून वर सांगितलं, बेरीज करून बघा.

मग कोणती पद्धत वापरायची? प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं.

वेगळं येतं कारण प्रत्येकाने कमानीचा आकार वेगळा धरलाय. बीएस ८००६ (१९९५ ला पहिलं, २०१० ला नवं) मार्स्टनवर चालतं आणि त्यात पर्याय म्हणून ह्यूलेट आणि रँडॉल्फ यांची १९८८ ची पद्धतही येते. त्या पद्धतीत अर्धगोल घुमट धरतात आणि दोन जागी तपासतात, घुमटाच्या माथ्यावर आणि कॅपच्या वर जिथे घुमट टेकतो तिथे, भराव कमी उंचीचा असेल तर माथा आधी हार मानतो आणि उंच असेल तर कॅपवरची जागा. मला ही पद्धत शिकायला सर्वात चांगली वाटते कारण कुठे बिघडतंय ते कळतं. जर्मन शिफारसी, ईबीजीओ, जर्मनीतल्या कासेल विद्यापीठातल्या त्सेस्के यांच्या २००१ च्या कामावर आहेत, त्यात एकावर एक अनेक कमानी आणि खालच्या मातीला स्प्रिंगसारखं धरलंय. डच मार्गदर्शिकेची (सीयूआर २२६) २०१६ ची आवृत्ती सुझान व्हॅन एकेलेन यांच्या एककेंद्री कमानींच्या मॉडेलवर आहे, ते त्यांनी डेल्फ्टमध्ये २०१५ ला पीएचडीसाठी मांडलं.

या शेवटच्या मॉडेलबद्दल दोन ओळी जास्त लिहितो कारण ते खरोखर छान आहे. एकात एक बसलेल्या कमानी धरायच्या, मोठी कमान जास्त वजन नेते, लहान कमान कमी, त्यामुळे जिओग्रिडवरचं वजन कॅपच्या जवळ जास्त आणि मध्यावर कमी असं उलट्या त्रिकोणासारखं येतं. आधी लोक ते सारखं किंवा मध्यावर जास्त असं धरायचे, तसं धरलं की ग्रिडमधला ताण उगाच जास्त निघतो. प्रयोगशाळेतल्या आणि प्रत्यक्ष रस्त्यांवरच्या मोजमापांशी उलटा त्रिकोण जास्त जुळला. खालची माती चांगला आधार देत असेल तर मात्र सारखं वजन धरणं जास्त जवळ जातं.

एक पद्धत निवडली की शेवटपर्यंत तीच ठेवा. एकीकडून कमान, दुसरीकडून ग्रिडचा ताण आणि तिसरीकडून सेफ्टी फॅक्टर असं जोडून काम करू नका, हे फार धोक्याचं आहे, प्रत्येक पद्धतीतले फॅक्टर त्याच पद्धतीच्या गृहीतकांसाठी ठरवलेले असतात.

मधल्या मऊ मातीचा आधार धरायचा की नाही?

बीएस ८००६ तो धरत नाही. जर्मन आणि डच पद्धतीत धरता येतो, आणि धरला की ग्रिड बराच हलका होतो. पण आधी स्वतःला विचारा की पुढच्या अनेक वर्षांत ती माती ग्रिडपासून सुटून खाली जाणार नाही ना? भूजल खाली गेलं तर मऊ माती आपोआप खचते. पाईल मारायच्या मशीनसाठी आधी वाळूचा प्लॅटफॉर्म टाकलेला असतो, त्याच्या वजनानेच खालची माती बरीच वर्षं दबत राहते. अशा वेळी ग्रिडच्या खाली पोकळी तयार होते आणि तिसरा हिस्सा शून्य होतो, मग सगळं कमान आणि ग्रिडवर येतं. शंका असेल तर शून्य धरा.

यातली चांगली बातमी ही की खालची माती दबत जाते तशी कमान सहसा वाढते, म्हणजे पहिल्या दिवशी मोजलेली कमान आणि काही महिन्यांनी मोजलेली कमान यात नंतरची जास्त जोरदार असू शकते. पहिल्या आठवड्यातली प्रेशर सेलची रीडिंग बघून "कमानच होत नाहीये" म्हणून घाबरू नका.

जिओग्रिड किती ताणला गेला तर चालतं?

बीएस ८००६ मध्ये सुरुवातीचा ताण (इथे म्हणजे लांबीतली वाढ) ६ टक्क्यांपर्यंत आणि बांधकामानंतर आयुष्यभरात हळूहळू वाढणारा, ज्याला क्रीप म्हणतात, तो २ टक्क्यांपर्यंत. आकडे लहान वाटतात पण झोळ किती येतो बघा, १.५ मीटर मोकळ्या अंतरात ६ टक्के ताणाला मध्यावर साधारण २२ सेंटिमीटर, ३ टक्क्यांना १६. आणि ४ वरून ६ वर क्रीपने गेलं तर जवळपास ४ सेंटिमीटर आणखी. म्हणूनच क्रीप कमी असणारं मटेरिअल, पॉलिस्टर किंवा पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल), यासाठी जास्त वापरतात. कॅटलॉगवरची ताकद ही थोड्या वेळासाठीची ताकद असते, तिच्यातून क्रीप, टाकताना होणारी इजा आणि रसायनांचा परिणाम वजा केल्यावर जे उरतं तेच आपलं. ओल्या काँक्रीटचा अल्कलीपणा पॉलिस्टरला मानवत नाही, ताज्या कॅपवर सरळ अंथरताना हे लक्षात ठेवा.

भराव कुठल्या मटेरिअलचा?

तळाचा भाग, जो कमान करणार आहे, तो खडबडीत, नीट दाबलेल्या खडीचा किंवा चांगल्या वाळूमिश्रित खडीचा. कारण कमान घर्षणावर चालते. घर्षणाचा कोन (कण एकमेकांवर किती घट्ट अडतात याचं माप) ३० अंश असेल तर आडवा दाब उभ्या दाबाच्या ३ पटीपर्यंत जाऊ शकतो, ४० अंशाला ४.६ पटीपर्यंत, आणि घुमटात हाच आडवा दाब वजन वळवतो. वरच्या भागात थोडं साधं मटेरिअल चालतं. क्लेचा भराव कमान करतो असं सुरुवातीला वाटतं, कारण कोरडा असताना चिकटपणा मदत करतो, पण भिजला की ती मदत जाते, त्या भरवशावर मी तरी काहीच उभं करणार नाही.

पावसाचं, पुराचं पाणी भरावात शिरलं तर?

खडी असेल तर कमान मोडत नाही, पाण्याखाली मातीचं परिणामी वजन कमी होतं म्हणून दोन्ही बाजू हलक्या होतात. खरी भीती बारीक माती वाहून जायची असते, म्हणून ग्रिडच्या खाली गाळणी करणारं जिओटेक्स्टाईल आणि कडेला पाणी जायला वाट ठेवा.

रेल्वेसाठी वेगळं काय?

बरंच. रस्त्याच्या भरावावर ट्रॅफिकचं वजन बरंच पसरून खाली येतं, रेल्वेत एकापाठोपाठ एक्सल त्याच रुळावरून, त्याच जागी, लाखो वेळा. असे वारंवार येणारे धक्के कमानीतले कण थोडे थोडे हलवतात आणि कमानीची ताकद उतरते, विशेषतः भराव कमी उंचीचा असेल तेव्हा. कासेलमध्ये हाइट्झ यांनी यावर प्रयोग केले आणि त्यावरून कमान किती कमी धरायची याचा गुणक आला, डच मार्गदर्शिकेतही तो आहे. भराव मोकळ्या अंतराच्या मानाने उंच असेल तर हा परिणाम कमी होत जातो.

दुसरं म्हणजे रुळांना चालणारी चूक खूप लहान असते. रस्त्यावर जे चालून जातं ते वेगाच्या रेल्वेत चालत नाही. आणि तिसरं, जे लोक विसरतात, ते म्हणजे बॅलास्ट (रुळांखालची खडी) साफ करायची मशीन. भविष्यात बॅलास्ट उचलताना ती किती खोल जाणार ते आत्ताच विचारा, जिओग्रिड तिच्या दातांच्या आवाक्यात नको.

भरावाच्या कडेला काय करायचं?

कडेला कमानीचा प्रश्न मागे पडतो आणि भराव बाहेर सरकायला बघतो हा प्रश्न पुढे येतो. आपल्या उदाहरणात ३५ अंश घर्षणकोनाच्या मटेरिअलला हा बाहेरचा रेटा साधारण ३३ किलोन्यूटन प्रति मीटर येतो. तो रस्त्याच्या आडव्या दिशेतल्या ग्रिडने घ्यायचा, म्हणजे आडव्या दिशेत ७७ अधिक ३३, एकशे दहाच्या आसपास, आणि लांबीच्या दिशेत फक्त ७७. ग्रिडने नाही घेतला तर हा रेटा पाईलवर येतो आणि बारीक पाईल आडव्या रेट्याला अगदी कमकुवत असतात. सर्वात बाहेरची पाईलची रांग उताराच्या किती जवळ न्यायची हाही प्रश्न आहे, फार आत ठेवली तर कडेचा उतार वेगळा खचतो आणि माथ्यावर लांबच लांब भेग पडते.

एक थर जाड ग्रिड की दोन थर पातळ?

दोन दिशांना ताकद पाहिजे, म्हणून एका दिशेचे दोन थर एकमेकांवर आडवे-उभे टाकणं खूप चालतं. ते कॅपच्या जितक्या जवळ तितकं चांगलं, पण सरळ काँक्रीटच्या धारेवर नको, मध्ये वाळूचा पातळ थर किंवा संरक्षक जिओटेक्स्टाईल पाहिजे. फार वर नेलं तर कमानीच्या आतला भाग ग्रिडच्या खालीच राहतो आणि त्याचं वजन कोण घेणार?

साइटवर सर्वात जास्त काय चुकतं?

ग्रिड सैल राहतो. सुरकुत्या तशाच ठेवून खडी टाकली की पहिला काही सेंटिमीटरचा झोळ फुकट जातो आणि तेवढं खचणं वर दिसतं. मग कॅपच्या टोकदार कडा, त्या गोल करून घ्या नाहीतर ग्रिड तिथेच कापला जातो. मग ग्रिडवरून सरळ डंपर चालवणं, खडीचा थर पडायच्या आधी एकही चाक त्यावर जाता कामा नये. दोन रोलचा ओव्हरलॅप ताकदीच्या दिशेत ठेवणं, तेही दोन कॅपच्या बरोबर मध्यावर, हे तर डिझाइनचाच घात आहे. आणि रोल उलट्या दिशेने अंथरणं, मजबूत बाजू लांबीत आणि कमकुवत आडवी, हे खरंच होतं, कारण रोल लांबीच्या दिशेत अंथरणं सोपं जातं. इन्स्पेक्टरने पहिल्याच रोलला उभं राहून दिशा बघावी, नंतर दोन मीटर खडीखाली काही बघता येत नाही.

पाईलच्या बाबतीत एखादा पाईल जागेवरून सरकला किंवा गाळला गेला तर त्या चौकटीत (चार पाईलच्या मधल्या जागेत) मोकळं अंतर एकदम वाढतं. ज्या चौकटीत एक पाईल नाही तिथे कमान दुपटीहून जास्त मोकळ्या अंतराची करावी लागते आणि भराव तेवढा उंच नसतोच.

पाईलवर भरावाशिवाय आणखी काही वजन येतं का?

हो, मधली माती खचताना पाईलच्या अंगाला धरून खाली ओढते, त्याला निगेटिव्ह स्किन फ्रिक्शन म्हणतात. कमान कितीही चांगली असली तरी हे वजन पाईलच्या हिशोबात वेगळं धरायचं.

पुलाजवळ का वापरतात हे?

पूल खोल पाईलवर असतो आणि खचत नाही, रस्ता खचतो, त्यामुळे जोडावर धक्का बसतो. पुलाकडे जाताना पाईल हळूहळू जास्त लांबीचे किंवा जवळजवळ करत नेले तर खचणं एकदम शून्य न होता उतरत जातं. पाईलवाला भाग एका जागी एकदम संपवला तर धक्का फक्त पुलापासून हलून तिकडे जातो.

काही वर्षांनी भरावात केबल किंवा पाइपलाइन टाकायची असेल तर?

आधी जुनी ड्रॉइंग काढा. चर ग्रिडपर्यंत गेला तर ग्रिड कापला जाईल आणि कापलेला ग्रिड पॅच लावून पुन्हा तसा ताण घेत नाही. ग्रिडपर्यंत नाही गेला तरी चराच्या रुंदीत भरावाची उंची कमी होते आणि खाली कमान कमकुवत होते, वर परत खडी भरून दाबली तरी ती नव्याने थोडं खचूनच कमान परत मिळवेल. त्याच कारणाने रस्त्याची पातळी खाली आणताना आधी हिशोब करून घ्या, ३.५ मीटरचा भराव २ मीटर केला म्हणजे वजन कमी झालं हे खरं, पण आपल्या उदाहरणात तो पूर्ण कमानीच्या २.१ मीटरच्या खाली गेला.

कमान चालू आहे हे मोजायचं कसं?

कॅपवर आणि दोन कॅपच्या मध्ये प्रेशर सेल, ग्रिडच्या वर आणि खाली दोन्हीकडे ठेवले तर तिन्ही हिस्से वेगळे काढता येतात. ग्रिडवर स्ट्रेन गेज (ग्रिड लांबीत किती ताणला ते मोजणारं उपकरण), आणि मध्यावर सेटलमेंट मोजायची सोय. फक्त वरची पातळी मोजून समाधान मानू नका, वर काही दिसायच्या आधी तळाशी बरंच घडून गेलेलं असतं. बजेट कमी असेल तर एकाच चौकटीत सगळी उपकरणं एकत्र ठेवा, दहा ठिकाणी एकेक विखरू नका, एका चौकटीचा पूर्ण हिशोब लागला तर तो दहा अर्धवट आकड्यांपेक्षा जास्त सांगतो. आणि भराव टाकायच्या आधीची शून्य रीडिंग घ्यायला विसरू नका, ती नंतर मिळत नाही.